घट, शिळा आणि शिल्प

शिल्प हा शब्द उच्चारतांच आपल्या मनापुढें बहुधा एक पुतळा उभा राहतो. तो दगडाचा असो वा धातूचा, त्याला चेहरा असतो, खालीं चौथरा असतो आणि चौथऱ्यावर नांव कोरलेलें असतें. हें चित्र मनांत बाळगून जो रसिक आजच्या एखाद्या प्रदर्शनांत पाऊल टाकतो, त्याची मोठी पंचाईत होते. तेथें त्याला फुटकीं मडकीं दिसतात, स्टीलच्या पातेल्यांचे ढीग दिसतात, मधोमध चिरून सुकविलेल्या पपया दिसतात, तुटक्या कपबशा दिसतात. आणि भिंतीवरची पाटी सांगते कीं, हें शिल्प असून मनुष्याचें जीवित व त्याची नश्वरता हा त्याचा विषय आहे. जें घरच्या फडताळांत किंवा गांवच्या उकिरड्यावर फुकट पाहावयास मिळतें, तें येथें मुद्दाम येऊन काय म्हणून पाहावें, असा प्रश्न त्याच्या मनांत येतो. हा प्रश्न रास्त आहे. त्याला अडाणीपणाचा शिक्का मारून उडवून लावणें बरें नव्हे.

या प्रश्नाचें एक ठराविक उत्तर कलासमीक्षकांपाशीं तयार असतें. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंतानें इ. स. १९१३ मध्यें एका लांकडी तिवईवर सायकलचें चाक बसविलें, आणि इ. स. १९१७ मध्यें न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाकडे चिनी मातीचें मूत्रपात्र पाठवून दिलें. तेव्हांपासून बाजारांतली कोणतीही वस्तु कलाकृति होऊं शकते हें तत्त्व रूढ झालें व यथावकाश तें आपल्याकडे आलें, असें हें उत्तर आहे. तें खोटें नाहीं, परंतु अर्धें आहे. द्युशाँ वस्तु निवडी ती तिच्याविषयीं उदासीन राहून. जिच्या रूपाचा वा आठवणीचा मोह पडणार नाहीं अशीच वस्तु त्याला हवी असे. आमच्याकडील शिल्पकार मडक्याला हात घालतो, तो त्या मडक्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांठलेल्या अर्थासाठीं. हा अर्थ कोठून आला हें पाहावयाचें असल्यास पॅरिसची वाट सोडून भीमेच्या कांठीं यावें लागेल. पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे दोन तालुके, आणि त्यांच्या वरच्या अंगास असलेला घोड नदीचा कांठ, एवढा मुलूख त्या शोधासाठीं पुरेसा आहे.

हा मुलूख मूळचा अवर्षणाचा. दक्षिणेस नीरा, उत्तरेस व पूर्वेस भीमा, अशा दोन नद्यांच्या बेचक्यांत इंदापूर तालुका वसलेला आहे. बारामतीजवळून वाहणारी कऱ्हा नीरेस मिळते आणि नीरा नरसिंहपूर येथें भीमेस मिळते. घोड नदी याच्या पुष्कळ आधीं भीमेंत आपलें पाणी सोडते. या घोड नदीच्या कांठीं शिरूर तालुक्यांत इनामगांव आहे. सांकळिया, अन्सारी, ढवळीकर प्रभृति डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनीं तेथें इ. स. १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन करून, इ. स. पूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या अवधींतील शेतकऱ्यांची एक वस्ती उजेडांत आणली.

त्या वस्तींत मृत अर्भकांना पुरण्याची जी रीत होती, ती आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार बोलकी आहे. राखी रंगाचीं दोन मडकीं तोंडाला तोंड लावून खड्ड्यांत आडवीं ठेवीत, त्यांत मूल ठेवीत, आणि हा खड्डा घराच्याच जमिनींत खणीत. त्या मुलाला गांवाबाहेर नेलें जात नसे. ज्या जमिनीवर घरचीं माणसें जेवत व निजत, तिच्याखालींच तें राही. मडक्याचें पोट म्हणजे आईचें पोट, असा तर्क अभ्यासकांनीं केला आहे. तो मान्य केला नाहीं, तरी दुःखाच्या प्रसंगीं त्या मातेच्या हाताशीं आलेली वस्तु स्वयंपाकघरांतल्या आकाराची होती, एवढें तरी स्पष्टच आहे. त्याच वस्तींत चार पायांचा, पोट सुटलेला एक मातीचा रांजण सांपडला. त्यांत एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा बसलेल्या स्थितींत होता, आणि सोबत एक भांडें होतें, ज्यावर नावेचें चित्र रंगविलेलें आहे. आणखी एका घरांत मातीच्या डबींत जपून ठेवलेली एक शिरोहीन स्त्रीमूर्ति मिळाली. ही मूर्ति भाजलेली नाहीं. ज्यांना भांडें भाजतां येत होतें, त्यांनीं देवता कच्ची ठेवली. पाण्याचा स्पर्श होतांच जी विरघळून जाईल अशी मूर्ति त्यांनीं समजून-उमजून घडविली असावी, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तीन हजार वर्षांपूर्वींच्या या रीतींशीं आजच्या चालींचा सरळ वंश जोडणें धाडसाचें होईल, आणि तें आम्ही करीत नाहीं. परंतु मडक्याची भाषा या मुलुखांत पुढेंही बोलली जात राहिली, हें कोणालाही नाकारतां येणार नाहीं. स्मशानांत कर्ता खांद्यावर पाण्याचें मडकें घेऊन चितेला फेरे घालतो. प्रत्येक फेऱ्याला दगडानें मडक्यास भोंक पाडलें जातें. पाण्याची धार लागते. अखेरीस तें मडकें पाठीमागें टाकून फोडलें जातें. त्या वेळीं कोणी प्रवचन करीत नाहीं आणि त्याची गरजही नसते. देह म्हणजे काय व प्राण म्हणजे काय, हें त्या चार आण्यांच्या भांड्यानें सांगून झालेलें असतें. बेंदराला कुंभाराकडून मातीचे बैल येतात, पूजा घेतात आणि पुढें पावसांत विरून जातात. भाद्रपदांत गणपति येतो तो पाण्यांत जाण्यासाठींच येतो. नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपुरास तर, तेथील नृसिंहाची मूर्ति प्रल्हादानें वाळूची घडविली, अशी परंपरेची श्रद्धा आहे. मूर्ति करावी, तिच्यांत जीव ओतावा आणि ती जाऊं द्यावी, हा संस्कार ज्या समाजाला इतका अंगवळणीं पडलेला आहे, त्याला क्षणभंगुर शिल्पाची कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं.

मग दगड कोठें आला? दगड आला तो वीराबरोबर. यादवकाळांत व त्याच्या मागेंपुढें महाराष्ट्रांत गांवोगांव वीरगळ उभे राहिले. भीमेच्या कांठीं इंदापूर तालुक्यांत पळसदेव म्हणून गांव आहे. तेथील पळसनाथाच्या जुन्या देवळाच्या परिसरांत असे वीरगळ व सतीशिळा आहेत. वीरगळाची मांडणी खालून वर वाचावयाची असते. तळाशीं वीर पडलेला, कित्येकदां त्याच्याजवळ गाई, त्यावर लढाई, त्यावर त्याला नेण्यास आलेल्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, दोहों अंगांस चंद्र-सूर्य, आणि शिरोभागीं कलश. यांतील गाई दिसतात तेव्हां समजावें कीं, गांवचें गोधन पळविणाऱ्यांशीं लढतांना हा मनुष्य पडला. बहुतेक वीरगळांवर अक्षर नाहीं. वीराचा चेहराही साऱ्या शिळांवर सारखाच. त्याची ओळख पटते ती गाई, ढाल आणि तलवार या त्याच्या नित्याच्या सोबत्यांवरून. स्मशानांत जें मडकें फुटतें, तेंच येथें कलश होऊन दगडाच्या माथ्यावर अभंग बसलेलें आहे. जें मोडणार तें न मोडलेलें दाखवावें आणि चंद्र-सूर्य असेतोंपर्यंत तें टिकावें, ही शिळेची प्रतिज्ञा होय.

या प्रतिज्ञेंत एक खोटही आहे, आणि ती सतीशिळेवर दिसून येते. सतीशिळेवर बहुधा स्त्री नसते. तिचा हात तेवढा असतो. कोपरांत काटकोन करून वर उचललेला तो हात, आणि त्यांत भरगच्च बांगड्या. पति निवर्तल्यावर स्त्रीच्या बांगड्या फोडावयाच्या, ही रूढि. ही स्त्री विधवा झालीच नाहीं, हें सांगण्यासाठीं पाथरवटानें तिच्या बांगड्या शाबूत कोरल्या. वस्तु येथें साक्ष देते, पण ती साक्ष गांवाच्या बाजूची आहे. चितेवर जाणाऱ्या त्या बाईचें वय काय होतें, ती आपखुषीनें गेली कीं तिला ढकललें गेलें, तिच्या मागें लेंकरें किती राहिलीं, यांतील एकही गोष्ट त्या न फुटलेल्या बांगडीनें उघड होऊं दिलेली नाहीं. सतीची चाल बंगाल्यांत इ. स. १८२९ मध्यें व मुंबई इलाख्यांत पुढच्याच वर्षीं कायद्यानें बंद झाली. ती बंद झाली हें योग्यच झालें. त्या शिळेपुढें हात जोडण्याचें आज कारण नाहीं. परंतु ती शिळा फोडून टाकणें हेंही योग्य नव्हे, कारण त्या नामशेष स्त्रीची दुसरी कांहीं खूण जगांत उरलेली नाहीं.

वस्तूंची ही भाषा मध्यंतरीं आमच्या शिल्पकलेंतून मागें पडली. तिचें कारण इंग्रजी अमदानींत आलेला पुतळा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या गणपतराव म्हात्रे यांनीं इ. स. १८९६ च्या सुमारास ‘मंदिरपथगामिनी’ घडविली, तेव्हां मऱ्हाठी स्त्रीचें लावण्य प्रथमच युरोपीय पद्धतीच्या सफाईनें शिल्पांत उतरलें. विनायकराव करमरकर यांचा पुण्यांतील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा इ. स. १९२८ मध्यें उभा राहिला. ही कामगिरी मोठी आहे, आणि तिचें मोल कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु पुतळा नांव असलेल्यांचा असतो. ज्याला नांव आहे त्याला पुतळा नसला तरी चालतें. बारामतीस बाबूजी नाइकांच्या आश्रयानें राहिलेले मोरोपंत इ. स. १७९४ मध्यें तेथेंच वारले. त्यांच्या आर्या व ‘केकावलि’ हेंच त्यांचें स्मारक आहे, आणि तें दगडाहून टिकाऊ ठरलें आहे. प्रश्न उरतो तो ज्यांना पुतळाही नाहीं व पोथीही नाहीं त्यांचा. इनामगांवचें अर्भक, पळसदेवची ती स्त्री आणि गाईमागें धांवून मेलेला तो गडी यांच्यापाशीं वस्तूखेरीज दुसरें काय होतें?

या भागांत याच प्रश्नानें आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत पुन्हां तोंड वर काढलें. भीमेवर सोलापूर जिल्ह्यांतील उजनी येथें बांधलेलें धरण इ. स. १९८० मध्यें पुरें झालें. सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी सांठविणाऱ्या त्याच्या जलाशयाखालीं नदीकांठचीं गांवें गेलीं. इंदापूर तालुक्याच्या कांठावरील जुनें पळसदेवही त्यांतच गेलें; वस्ती वर पुणें-सोलापूर रस्त्याकडे हलली आणि पळसनाथाचें देऊळ पाण्यांत राहिलें. या पाण्यानें तहानलेल्या मुलुखाला ऊंस दिला, वीज दिली, शहरांना पाणी दिलें. भिगवणच्या उथळ पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरूं लागले, ते पाहावयास लांबलांबून लोक येतात. लाभ खरा आहे. तितकेंच हेंही खरें आहे कीं, ज्या शिळेनें चंद्र-सूर्यांची शपथ घेतली होती, ती एका पिढीच्या अवधींत पाण्याखालीं गेली. उन्हाळ्यांत पाणी फार ओसरलें म्हणजे देऊळ पुन्हां दिसूं लागतें. इ. स. २०२४ मध्यें सांठा उपयुक्त पातळीच्याही बराच खालीं गेला, तेव्हां माणसें चिखल तुडवीत तेथपर्यंत जाऊन आलीं. नंतर पाऊस झाला आणि सर्व कांहीं पुन्हां झांकलें गेलें. कच्च्या मातीची देवता आणि घडीव दगडाचा वीरगळ यांत आपण जो भेद मानीत होतों, तो फक्त वेळेच्या प्रमाणाचा आहे, हें त्या पाण्यानें दाखवून दिलें.

एवढी पार्श्वभूमि मनांत ठेवून आतां प्रदर्शनांतल्या त्या मडक्याकडे परत वळावें. रुम्माना हुसेन (१९५२–१९९९) या मुंबईच्या चित्रकर्त्री. इ. स. १९९२ च्या डिसेंबरांत देशांत जो आगडोंब उसळला, त्यानंतर त्यांनीं चित्रफलक बाजूला ठेवला आणि फुटकीं मातीचीं मडकीं, आरशाचे तुकडे, गेरू व नीळ हीं हातीं घेतलीं. इ. स. १९९४ मध्यें मुंबईच्या केमोल्ड कलादालनांत त्यांनीं अशीं कामें मांडलीं. पुढें इ. स. १९९७ मध्यें त्यांनीं अवधच्या बेगम हजरत महल हिचें एक कल्पित थडगें रचलें. त्यांत चिरलेल्या पपया होत्या. १८५७ च्या संग्रामांत लढून परदेशांत देह ठेवलेल्या या राणीसाठीं त्यांनीं अश्वारूढ पुतळा घडविला नाहीं. फळ उघडें केलें, त्यांतील बी दाखविलें, आणि तें सुकूं दिलें. हें काम केलें तेव्हां कर्त्रीचें आयुष्यही फारसें उरलेलें नव्हतें. दोन वर्षांनीं कर्करोगानें त्यांचें निधन झालें. सतीशिळेवरची बांगडी शाबूत आहे आणि रुम्मानाबाईंचें मडकें फुटलेलें आहे. एकीनें घाव लपविला, दुसरीनें तो दाखविला. या दोहोंमध्यें जें अंतर आहे, तेंच आमच्या मतें आधुनिक शिल्पाचें खरें कर्तृत्व होय.

सुदर्शन शेट्टी (जन्म १९६१) हे याच जे. जे. कलाशाळेंतून इ. स. १९८५ मध्यें बाहेर पडले. इ. स. २०१० मध्यें मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयांत त्यांनीं प्रदर्शन भरविलें, त्याचें नांवच ‘हेंही जाईल’ या अर्थाचें होतें. हें संग्रहालय इ. स. १८७२ पासून लोकांस खुलें आहे आणि मुंबईच्या लोकजीवनाचे मातीचे नमुने तेथें कांचेआड जपून ठेविलेले आहेत. जपणुकीच्या घरीं जाऊन नश्वरतेची आठवण करून देणें, हें औचित्य नजरेंत भरण्यासारखें आहे. पुढें इ. स. २०१४ मध्यें दिल्लींत त्यांनीं फुटक्या चिनी मातीच्या भांड्यांचा गेलेला भाग जुन्या सागवानांतून कोरून बसविला. सांधा लपविलेला नाहीं. लांकूड लांकूडच राहतें आणि चिनी माती चिनी माती. असें भांडें चहाच्या कामाचें उरत नाहीं, पण फुटण्यापूर्वीं तें ज्याच्या हातीं होतें त्याची आठवण मात्र तें देत राहतें.

बिहारचे सुबोध गुप्ता यांनीं इ. स. २००६ मध्यें स्टीलच्या भांड्यांची एक प्रचंड कवटी रचली. ‘अतिशय भुकेला देव’ अशा अर्थाचें तिचें नांव. इ. स. २००७ मध्यें ती व्हेनिसमध्यें कालव्याच्या कांठीं ठेवण्यांत आली. कल्पना मोठी आहे. ज्या भांड्यांनीं भूक भागावयाची त्यांचाच मृत्यूचा मुखवटा व्हावा, यांत भेदक असें कांहीं आहे. तथापि तें चकचकीत स्टील पाहतांना आम्हांस असें वाटतें कीं, या पातेल्यांत कधीं भात शिजला नाहीं. त्यांना पोंचा नाहीं, काजळी नाहीं, बुडाशीं घांसल्याचे चरे नाहींत. तीं वस्तूंचीं चित्रें आहेत, वस्तु नव्हेत. भव्यता आली, पण माणूस निसटला.

यावरून अशा शिल्पाची एक कसोटी बांधतां येते. वस्तूवर हाताचा व वापराचा संस्कार उमटलेला असावा. ती मोडली असल्यास त्या मोडण्याला कारण असावें. आणि भिंतीवरची पाटी काढून घेतली तरी ती मुकी होऊं नये. ही तिसरी अट कठीण आहे. स्मशानांतलें मडकें कळतें, कारण सभोंवार उभा असलेला प्रत्येक जण तें जन्मापासून जाणतो. कलादालनांत तशी मंडळी नसते. तेथें कांच असते, शांतता असते, आणि बऱ्याच वेळां किंमतही ठरलेली असते. जें जावें म्हणून केलें, तें विकत घेऊन जतन करावयाचें, ही विसंगति आजच्या कलाव्यवहाराच्या गळ्यांत अडकलेली आहे. द्युशाँचें तें १९१७ चें मूळ पात्रही हरवलें. उरलें त्याचें छायाचित्र आणि मागाहून केलेल्या प्रतिकृति, आणि त्या आतां मोठमोठ्या संग्रहालयांत मानानें विराजमान आहेत. नश्वरतेचा विचार पचविणें कलेला जमतें. कलेच्या बाजाराला तें अद्याप जमलेलें नाहीं.

म्हणून अशा शिल्पाचें उचित स्थान शहरांतल्या दालनाइतकेंच भीमेचा कांठ हेंही आहे, असें आम्हांस वाटतें. उजनीच्या पाण्याखालीं ज्यांचीं घरें गेलीं त्यांच्या स्मारकाचा विचार कोणी केलाच, तर त्यानें कृपा करून चौथरा बांधूं नये. जात्याची एक तळी, एखादा झिजलेला उंबरा, पाणवठ्यावरची एक घागर, एवढें पुरे आहे. आणि तें पाण्याच्या अशा पातळीवर ठेवावें कीं पावसाळ्यांत बुडावें व उन्हाळ्यांत पुन्हां दिसावें. गांवांतल्या म्हाताऱ्यांना त्याचा अर्थ विचारावा लागणार नाहीं. नातवंडें मात्र विचारतील, आणि त्यानिमित्तानें त्या घराची गोष्ट एकदां सांगितली जाईल.

हें होईल तेव्हां होवो. त्याआधीं करण्याजोगें एक काम साधें आहे. पळसदेवचे वीरगळ व सतीशिळा पाणी चढेल-उतरेल तशा ओल्या होतात व सुकतात. असा फेरा जुन्या बांधकामाला आणि नक्षीला फार काळ सोसत नाहीं. पाणी उतरेल त्या पुढच्या उन्हाळ्यांत एकेका शिळेचें माप घ्यावें, छायाचित्र घ्यावें, कोणत्या शिळेवर गाई किती व कोणत्या हातांत बांगड्या किती, याची टांचणी करावी. त्यांचीं नांवें आपल्याला परत मिळावयाचीं नाहींत. त्यांच्या बांगड्या आणि त्यांच्या गाई मोजून ठेवणें मात्र अजून आपल्या हातीं आहे.